आपल्या माणसाची गाडी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

गाडी घेतली! पांढरी, डिझेल, सात सीटर. पुढून पाहिली की आपोआप दोन पावलं मागं सरकावंसं वाटतं. नवी घ्यायची तर पन्नास लाखांच्या घरात. आम्हाला सात वर्षं वापरलेली अठरा लाख वीस हजारांत पडली. कर्नल निशांतसाहेबांचं पोस्टिंग जोधपूरला आलं, म्हणून योग आला. त्यांनी आकडा सांगितला, मी हो म्हटलं. चंडीगडसारख्या परमुलखात आपल्या माणसाशी घासाघीस करणं शोभत नाही.

बायकोनं, रागिणीनं, विचारलं, मिस्त्रीला दाखवली का? मी म्हटलं, ज्या माणसानं इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दहा दिवस सगळ्या आरत्या पुस्तकात न बघता म्हटल्या, त्याची गाडी मिस्त्रीला दाखवायची? ती भाजी निवडायला लागली. म्हणजे पटलं असावं.

पेपरात आलंय की बावीस तारखेपासून मोठ्या गाड्यांवरचा टॅक्स उतरणार. मी अकाउंट्सचा माणूस. अशा बातम्या वाचतो, वाहवत जात नाही.

खरं कारण फक्त इथं लिहितो. गाडी आप्पांसाठी घेतली. माझे वडील सांगलीच्या एसटी वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं हेड मेकॅनिक होते. इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि रोग सांगायचा. माझ्या एकाही गाडीला त्यांनी आजवर ‘चांगली’ म्हटलेलं नाही. स्कूटर ‘बरी’. पहिली कार ‘बरी’. मला केंद्र सरकारची नोकरी लागली तेव्हा ‘बरं’. दिवाळीनंतर पहिल्यांदाच चंडीगडला येतायत. जन्मभर घाटात एसट्या पाठवल्या, आता एकदा सिमल्याचा घाट बघायचाय म्हणतात. मीच नेणार.

निश्चय: ‘चांगली आहे’ एवढे दोन शब्द वदवून घेणे.

१४ सप्टेंबर

अ‍ॅव्हरेज. कर्नल म्हणाले होते बारा. येतंय सात. इथले राउंडअबाउट जबाबदार.

निश्चय: सेक्टर १७ ला ऑफिसला बसनं जाणे. गाडी जपली पाहिजे.

२२ सप्टेंबर

टॅक्स खरंच उतरला. ‘ट्रायसिटी बडी गड्डी ओनर्स’ ग्रुपवर सकाळपासून नव्या गाड्यांचे हार-नारळ. जुनीला आता कोण विचारतो जी, असं एकानं लिहिलं. त्याला एकोणतीस अंगठे आले.

जुन्या गाड्यांच्या अ‍ॅपवर आपली घालून पाहिली. चौदा लाख दहा हजार. पंधरा दिवसांत चार लाख! अ‍ॅप काढून टाकलं. व्हॅल्यू म्हणजे नुसती किंमत नव्हे. रागिणीला हे सांगायचं नाही असं ठरवलं. जेवताना तिनंच मला आकडा सांगितला.

५ ऑक्टोबर

गाडी सुरू करताना कट-कट येतं असं रागिणीचं म्हणणं. ईश्वरीचंही. पोरगी बारा वर्षांची, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. म्हणाली, पापा, ये तो सिलाई मशीन है. मला काही ऐकू येत नाही. काचा लावल्या की अजिबातच येत नाही.

तरी कर्नलना फोन केला. म्हणाले, लेहला असताना मख्खन चालायची. चंडीगड सखल असल्याचा परिणाम असणार.

११ ऑक्टोबर

मणिमाजऱ्याला बलजीत मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, ऐकलं, बंद केलं. म्हणाले, गड्डी घैंट, म्हणजे एकदम झकास, आहे जी, इंजिन सोडून. टायमिंग चेन, इंजेक्टर आणि आणखी दोन गोष्टी. साडेचार लाख. विचार करतो म्हटलं. गाडीत बसलो आणि वीस मिनिटं किल्ली फिरवायचं धाडस झालं नाही. आप्पा यायला पंधरा दिवस.

निश्चय: मोठे स्पीकर बसवणे.

२६ ऑक्टोबर, स्टेशनवरून आल्यावर

सगळं चोख केलं होतं. गाडी आधीपासून चालू, आत मोठ्यानं अभंग. एकच गोष्ट डोक्यात आली नाही: आप्पांचे गुडघे. दोनदा पाय उचलला, पायदानापर्यंत पोचला नाही. मी उचलायला गेलो तर हात झटकला. शेवटी ते नि रागिणी ऑटोनं पुढं, मागून मी एकटा. सात सीटर.

२७ ऑक्टोबर

उपाय सापडला. देवघरातला पाट. फाटकाशी गाडीच्या दारापुढं ठेवला, आप्पा त्यावर चढले, पाटावरून गाडीत. बसले! सुखना लेकपर्यंत जाऊन आलो. इंजिन एकदाही बंद केलं नाही, अभंग एकदाही थांबवला नाही. उतरल्यावर विचारलं, कशी वाटली? म्हणाले, बरी आहे. पाट चांगला आहे.

३० ऑक्टोबर

सिमला पुढं ढकललं. ऑफिसात ऑडिट आहे असं सांगितलं. आप्पांनी दोन दिवसांपूर्वीच मफलर, स्वेटर, कानटोपी काढून खुर्चीवर ठेवलीय. रोज सकाळी तिन्हींची पुन्हा घडी घालतात. त्या खुर्चीकडं बघवत नाही. घाटात ही गाडी मध्येच बसली तर मी आप्पांकडं कुठल्या तोंडानं बघू?

२ नोव्हेंबर

मार्ग निघाला!

मंडळात तुळशीचं लग्न. अनिकेत नावाचा मुलगा भेटला. सेक्टर ३९ च्या प्रयोगशाळेत संशोधक, नुकताच आलाय, मूळचा लातूरचा. बायकोला सातवा महिना, दोघांचे आईवडील यायचेत, मोठी गाडी शोधतोय. मी आधी मंगलाष्टकं म्हटली. सगळी, कागदाकडं न बघता. मग गाडीचा विषय काढला. साडेसतरा सांगितले, तो लगेच हो म्हणाला. मिस्त्रीला दाखवायची का, हे मीच विचारलं, सचोटी म्हणून. तर म्हणतो, काका, आपल्या माणसाची गाडी, त्यात काय बघायचं!

घरी येईपर्यंत आनंदात होतो. जेवण गेलं नाही. भात जरा कच्चा असावा.

हिशेब सरळ आहे: ही गेली की छोटी, नवी, आवाज न करणारी घ्यायची. आप्पांना तीतून सिमला. इंजिनाचं अनिकेत बघून घेईल. तरुण आहे.

५ नोव्हेंबर, गुरुपूरबची, म्हणजे गुरु नानक जयंतीची, सुट्टी

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

अनिकेत अकराला चेकबुक घेऊन आला. गाडी मी अर्धा तास आधीच गरम करून ठेवली होती. आप्पा काठी टेकत खाली आले. त्याला नाव-गाव विचारलं, घरी कोण कोण विचारलं. सातवा महिना ऐकल्यावर काठी गाडीला टेकवून ठेवली. मग मला म्हणाले, विश्राम, ते गाणं बंद कर.

केलं.

खिशातून स्क्रू-ड्रायव्हर निघाला. सांगलीहून आणलेला! बॉनेट उघडायला लावलं, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ स्वतःच्या नव्हे, अनिकेतच्या कानाला लावली. म्हणाले, ऐक बाळा. ही चेन. ही कधी तुटेल सांगता येत नाही. बायकोला यात घेऊन जाऊ नकोस.

अनिकेतनं ऐकलं. आप्पांच्या पाया पडला. माझ्याकडं न बघता निघून गेला.

मी ओरडलो. वडिलांवर, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तुमच्यासाठी घेतली होती! तुम्ही एकदा चांगली म्हणावं म्हणून घेतली! शेजारचे सरदारजी गॅलरीत आले. आप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसून खिशात ठेवला. म्हणाले, स्टेशनावरच ऐकलं होतं मी, अभंगाच्या खालून. मग तेव्हाच का नाही बोललात, विचारलं. तर म्हणाले, दुसऱ्या दिवशी तू दारात पाट घेऊन उभा होतास. काय बोलणार?

मग काठी टेकत वर गेले. मी इंजिन बंद केलं. आवाज येतो. पहिल्या दिवसापासून येत होता.

निश्चय: सुचत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार, सिमला

सेक्टर ४३ च्या स्टँडवरून सकाळची बस. साधी, हिमाचलची सरकारी. पायरी बेताची, आप्पा आपले आपण चढले. कानटोपी, मफलर, स्वेटर, सगळं अंगावर. ड्रायव्हरच्या मागची सीट धरली आणि शेजारी मला बसवलं. रागिणी नि ईश्वरी मागं.

गाडीचं काय करायचं ते ठरवलेलं नाही. आहे तिथं उभी आहे. काल अनिकेतला फोन केला, उचलला नाही. पुन्हा करीन.

सोलन सोडल्यावर पुन्हा चढ लागला. आप्पांनी काठीचं टोक खालच्या पत्र्यावर टेकवलं आणि मुठीला कान लावला. डोळे मिटलेले. तीन-चार वळणं तसेच बसले. मग म्हणाले, चांगली ठेवलीय गाडी.

मी म्हटलं, हो.

म्हणाले, तुला नाही, ड्रायव्हरला म्हणतोय. त्याला हिंदीतून सांग.

सांगितलं.