दाराच्या आतली पट्टी

प्रिय बडबडे,

माझं अक्षर पाहून तुला हसू फुटलं असेल. फोन हाताशी असताना बाबांना पत्राची हौस कुठून आली, असं जावयांना म्हणालीही असशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? आणि मलाही 'बरं आहे' आणि 'आईला देतो' यापुढे काही सुचत नाही. तुझी आई म्हणते, जन्मभर कारखान्यात दारं ठोकून बघता बघता हे माणसांशी बोलायचं विसरले. अगदीच खोटं नाही ते.

खांदा आता वर होतो का? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस की नुसतंच 'करते, करते' म्हणतेस? पिटुकलीच्या गालावरचा ओरखडा पुसला गेला, असं आईकडून कळलं. आजीला तिनं फोनवर गाणं म्हणून दाखवलं. मी शेजारीच उभा होतो, पण फोन मागायचा धीर झाला नाही.

लहानपणी रस्त्यात आमच्या कारखान्याची गाडी दिसली की तू 'हे दार बाबांचं!' म्हणून ओरडायचीस. शेजारच्या डॉक्टरांना तर त्यांच्याच गाडीचं दार हक्कानं उघडून दाखवायचीस, जसं काही आम्ही ते त्यांना उसनं दिलं होतं. मला वरवर राग यायचा आणि आतून छाती फुगायची. त्या फुगलेल्या छातीनंच पुढे घोळ केला.

तू गाडी घ्यायला निघालीस तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन माहितीपत्रकं मांडलीस, एक आपल्या कंपनीचं, एक परदेशी. पिटुकली तुझ्या मांडीवर एका पत्रकाचा कोपरा चावत होती. तू म्हणालीस, "बाबा, अगदी खरं सांगा. तुम्ही कुठली घ्याल?" मी म्हणालो, "आपली. त्यात विचारायचं काय?" तरी तू परदेशी घेतलीस. दाखवायला आणलीस त्या दिवशी मी फाटकातच म्हणालो, "परक्यांच्या चुली पेटवल्यास." तू चहा न घेता गेलीस. पुढे एकदा मी भाजी घेऊन येत होतो, तर तू गाडी हळू करून काच खाली घेतलीस आणि "बाबा, बसा ना," म्हणत पार कोपऱ्यापर्यंत बरोबर आलीस. मागच्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. मी मान वळवली नाही. पिशवी इतकी जड होती की हाताला वळ उठले होते, पण मला ताठाच जास्त प्यारा.

मग चौकात तो ट्रक आला, आणि नेमका पिटुकली बसली होती त्याच दारावर.

तुम्ही दोघी सुखरूप आहात हे कळलं. दुसऱ्या दिवशी औषधं आणतो असं सांगून बाहेर पडलो आणि तुझी गाडी ओढून नेली होती त्या गॅरेजवर गेलो. मेकॅनिक म्हणाला, "काका, भंगारात द्यायची का?" म्हटलं, "आधी दार उघडून बघू दे." त्यानं पहार दिली, आम्ही दोघांनी दाराचं आतलं आवरण काढलं. आत पोलादाची एक आडवी पट्टी असते. बाजूनं धडक बसली तर माणसाच्या अंगावर येणारं दार ती अडवते. तुझ्या गाडीतली पट्टी पार वाकली होती, पण तुटली नव्हती. एकही जोड सुटला नव्हता. तिथल्या तेलकट फरशीवर मी फतकल मारून बसलो. मेकॅनिकनं न विचारता पाणी आणून दिलं.

आता जे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही ते सांगतो. मी निवृत्त व्हायच्या आधी कंपनीनं आमच्या गाडीतली ती पट्टी पातळ केली. वजन कमी, खर्च कमी. मी साहेबांच्या खोलीत जाऊन कुरकुरलो. ते म्हणाले, "नियमात बसतं ना? मग करा सही." नियमात बसत होतं. माझ्या मनात बसत नव्हतं. तरी रोज दारं पास केल्याची सही केली. बडबडे, तू टेबलाशी विचारलंस ना, तेव्हा मला ती पट्टी आठवली होती. आठवूनही मी 'आपली' म्हणालो.

आमच्या माणसांचे हात कुणापेक्षा कमी नाहीत, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. जे हातात देतील तेच ते बसवतात. त्या दूरच्या देशातही माझ्यासारखाच कोणी दारं तपासत असेल, त्याचेही गुडघे दुखत असतील. त्याच्या हाती चांगली पट्टी दिली गेली, एवढाच फरक.

गेल्या आठवड्यात, मेकॅनिककडून काढून घेतलेली ती वाकलेली पट्टी कागदात गुंडाळून मी कारखान्यात गेलो. माझ्या जागी आता एक तरुण मुलगी आहे. तिनं पट्टी हातात घेतली, जाडी मोजली आणि मला घेऊन थेट साहेबांकडे गेली. ते म्हणाले, नव्या गाडीत जाड पट्टी घालणार आहोत, दोन वर्षांत येईल. मी विचारलं, "तोवर?" साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. पण त्या मुलीनं त्या दिवशी सही केली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि काल आईच्या पोटात राहिलं नाही. तू आपल्या कंपनीची गाडी नोंदवून ठेवली आहेस, 'या वेळी बाबांसाठी', आणि मला अचानक दारात आणून दाखवणार आहेस, हे तिनं सांगून टाकलं. झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं मी अंगणात निघून गेलो. पोरी, तू माझा एवढा मान राखलास, मला पोचला तो. आता हे पत्र खाली ठेव आणि शोरूमला फोन करून ती गाडी नको म्हणून सांग. मागच्यासारखीच परदेशी घे. आपली चांगली झाली की सगळ्यांत आधी मीच तुला सांगेन, पण तोवर माझं मन राखायला पिटुकलीला त्या दारामागे बसवू नकोस.

तुझाच,
बाबा