डिफरेन्शियलचा बुश

गुरुवार, संध्याकाळ. सेक्टर ६

गाडीचा आवाज गेला. मग मला बरं का वाटत नाही?

बाबांची जुनी सेडान, मागच्या चाकांवर चालणारी. ॲक्सिलरेटर सोडला की महिनाभर मागून ‘धप्प’ व्हायचं. सुपेला बाजारातल्या मिस्त्रीने शॉकअप बदलले, तरी धप्प तसंच. मी शेजारी बसून दचकायची आणि बाबा म्हणायचे, "कायचा आवाज?" मलाच भास होतो की काय, असं वाटायला लागलं होतं.

आज बाबांनी मिस्त्रीला गाडी वर घ्यायला लावली. पहार घालून स्वतः मागच्या चाकांना फिरवणारं डिफरेन्शियल हलवून पाहिलं, तर ते बोटभर उचललं गेलं. त्याला धरून ठेवणाऱ्या बुशांचं रबर फाटून लोखंडापासून सुटलं होतं. मिस्त्रीने नवे बुश बसवले. येताना एकदाही धप्प नाही.

घरी उतरल्यावर मी मागून विचारलं, "बाबा, आता शांत झाली ना?" उत्तर नाही. समोर जाऊन विचारलं.

"मले आधीही ऐकू येत नव्हतं, बाई. तू कधी दचकते, ते पाहत होतो. त्यावरूनच शोधलं."

म्हणजे रस्त्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होते? मागच्या ट्रकचा हॉर्नही ऐकू येत नसेल? आणि उद्या एकटेच नागपूरला निघणार!

शेवटी म्हटलं, "उद्या मी चालवते."

"कावून?"

कारण न सांगता मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली हातावर ठेवली. "हे आधी नाही म्हटलं तू," म्हणाले.

रागावले, की वाटच पाहत होते? अजून कळत नाही.