यांना जायचं कुठं असतं

३ मार्च
आज परत गेले! मी भाजी चिरत होते, तेवढ्यात स्वारी पसार. ट्रॅफिक पोलिसाने आणून सोडलं. पायात एक स्वतःची चप्पल, एक माझी.

लेक फोनवर — "आई, पुन्हा असं झालं तर बाबांना संस्थेत ठेवायचं. तुला झेपत नाही." बघू म्हटलं. माझा नवरा काय अडगळ आहे, उचलून दुसरीकडे ठेवायला?

४ मार्च
दाराला पार खाली कडी बसवून घेतली. डॉक्टर म्हणाले होते, यांची नजर जाईल तिथे नको. डॉक्टरांना काय, पेशंट जन्माचा सुतार! चमच्याने स्क्रू काढले. वर मलाच — "बाई, काम कच्चं झालंय. कोणी बसवली?"

हल्ली मी 'बाई'.

६ मार्च
दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा लावला. दार दिसलं नाही की जात नाहीत म्हणे. खरंच गेले नाहीत. पण घरभर फिरले, भिंती ठोकून पाहिल्या, घामाघूम झाले. शेवटी रडायलाच लागले — "मला उशीर होतोय हो!"

पडदा काढून टाकला. नाही बघवत.

७ मार्च
सदऱ्याच्या कॉलरला आतून फोन नंबर शिवला. दुपारी बसून उसवला त्यांनी. टोचतो म्हणे!

९ मार्च
आज अडवलंच नाही. मी गुपचूप मागे गेले. रस्ता ओलांडताना यांनी दोन्हीकडे नीट बघितलं, एक वळण चुकले नाहीत. थेट बिस्किटांच्या कारखान्याचं गेट! माझा कारखाना. पॅकिंगमध्ये होते मी, आणि सुटी व्हायच्या वेळेला हे घ्यायला यायचे.

वॉचमन म्हणाला, "काका नेहमी येतात. पॅकिंगवाल्या सुटल्या का विचारतात. मग कुठेतरी निघून जातात."

म्हणजे इथवर बरोबर येतात. मी बाहेर येत नाही, मग भरकटतात.

पुढे जाऊन उभी राहिले. "किती वेळ लावलास गं!" — आणि नावाने हाक मारली. माझ्या नावाने! भर रस्त्यात रडले मी.

१५ मार्च
आता रोज हेच. शेजारीण यांच्या मागून येते, मी गल्लीतून पुढे. हात धरून दोघं परत. लेक म्हणाली, "आई, तू पण ना!" पण संस्थेचं नाव काढलं नाही.

वाटेत माझ्याच कागाळ्या मला! "घरी एक म्हातारी आहे. दाराला कड्या घालते. फार डोकं खाते."
म्हटलं, "मग काढून टाका तिला."
"नको गं. जेवायला बरं घालते."
हसून हसून पुरेवाट झाली.

२ एप्रिल
अंगात कणकण होती, तरी गेले. न जाऊन कसं चालेल?

११ एप्रिल
आज गेटावर आले. मी हात केला. माझ्याकडे बघितलं, आणि जरा बाजूला सरकून उभे राहिले.

म्हटलं, "अहो, चला ना घरी."

"तुम्ही व्हा पुढे, बाई. ती आल्याशिवाय मी नाही जाणार."