नऊ चाळीसची नोंद

गोत्री, बडोदे
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. अहमदाबादला सगळे बरे असाल. आबा शनिवारी दवाखान्यातून घरी आले. दसऱ्याला संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी "नंतर कळवते" म्हटलं होतं. झालं ते असं.

१. सकाळी आठ दहा. आबांनी साखरेची सकाळची गोळी घेतली. तक्त्याप्रमाणे मीच हातात दिली.
२. न्याहारी केली नाही. थोरल्या मुलाने तलवारीची पूजा केल्याशिवाय आपल्याकडे दसऱ्याला पुरुष जेवत नाहीत.
३. अकरा पन्नास. पाटासमोर बसल्या जागी दरदरून घाम. मीटरवर साखर ३८.
४. साखरेचं पाणी द्यायला गेले, तर दात आवळले. "पूजा व्हायचीय." मग शुद्ध गेली.
५. बारा पंचवीस. दवाखाना.

फाफडा आणि अर्धा किलो जिलेबी त्यांच्या गुडघ्याशी होती. तुझ्यासाठी सहा वाजता रांगेत उभं राहून त्यांनी स्वतः आणली होती.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी दोन गोळ्यांना रात्रीच्या इन्सुलिनची जोड दिली. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) ९.६ होती, ती उतरायला लागली होती. तक्ता मी केला. गोळीनंतर अर्ध्या तासात खाणे, हेही त्यात आहे. दसऱ्याला सकाळी पावणेनऊला मी आबांना तो दाखवला.

"अगं, निघालाय तो. दहाला पोचेल."
"आबा, गोळी थांबत नाही."
"तुझ्या प्लांटातल्या मशीनना सांग वेळा. मी माणूस आहे."

वरच्या यादीत एक नोंद मी गाळली. नऊ चाळीस. तुझा मेसेज आला : "जमत नाहीये, आबांना तू सांग." मी वाचला. सांगितलं नाही. गेली दोन वर्षं मीच सांगितलं होतं. या वेळी त्यांनी ते तुझ्या तोंडून ऐकावं असं मला वाटलं. फोन पालथा ठेवला आणि आपट्याची पानं निवडत बसले. दोन तास दहा मिनिटं. गोळी पोटात आहे, हे मला ठाऊक होतं.

मला अजून रडू आलेलं नाही. कामावर जाते. रीडिंग घेते, ती बरोबर येतात.

डॉक्टरांनी सकाळची ती गोळी बंद केली. दुसरी गोळी आणि रात्रीचं इन्सुलिन दोन्ही चालू ठेवायचं आहे. नुसत्या गोळीने भागत नाही. पण आबा सुई घेत नाहीत. "सुईनेच घात केला. यशराज येऊ दे, पूजा होऊ दे, मग बघू." आज सकाळी उपाशीपोटी २९१. तलवार अजून पाटावरच आहे. कुंकू लागलेलं नाही.

सुईने घात केला नाही, हे त्यांना पटवायचं तर नऊ चाळीसचं सांगावं लागेल. माझा भाग मी सांगेन. तुझा भाग या वेळी मी सांगणार नाही.

येणार असशील तर तारीख कळव. येणार नसशील तर आबांना स्वतः फोन कर आणि तसं स्पष्ट सांग. "बघतो" म्हणू नकोस, ते त्यावर थांबून राहतात. तुझ्याकडून काहीच आलं नाही, तर गुरुवारी सकाळी कुंकू मी लावेन आणि त्यांना जेवायला वाढेन.

बुधवार, १५ ऑक्टोबरपर्यंत उत्तर दे.

संयोगिता