मुंग्यांची परीक्षा

अटांगादादा,

तू तिकडे कुमासीत सिमेंटची पोती उचलतोयस आणि इकडे तुझं पोर उपाशी आहे. वहिनीला दूध भरपूर आहे रे, कपडे भिजतात तिचे. पण आई पाजू देत नाही.

आपली आई! गळ्यात आरोग्यसेविकेचं ओळखपत्र अडकवून गावभर सांगत फिरते, "सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबसुद्धा नको." मी म्हटलं, "मग आपल्या घरी गं?" तर म्हणते, "ते दवाखान्याचं बोलणं. नातू माझा आहे."

आणि रीतीप्रमाणे वहिनीचं दूध वाटीत काढून त्यात मुंग्या सोडल्या. मुंग्या मेल्या, म्हणजे दूध कडू! आता मुंग्या जगेपर्यंत वहिनीला पाल्याचा काढा आणि बाळाला बाजरीच्या पिठाचं पाणी.

काल परत परीक्षा होती. मी गुपचूप वाटी बदलून शेळीचं दूध ठेवलं. त्यातही मुंग्या मेल्या! मी टाळ्या पिटत ओरडले, "आई, हे शेळीचं होतं! दुधात पडली की कुठलीही मुंगी बुडूनच मरणार ना!"

आईने वाटी उचलून नाकाशी धरली. मला वाटलं, जिंकले.

"तरीच," ती म्हणाली, "शेळीपण कडू निघाली."

फोन तिच्याच कमरेला असतो. पत्र न्यायला लॉरीवाला मामा, तो आधी तिच्याच हातात देईल. म्हणून हे चटईखालीच राहणार.

आता करडूही शेळीपासून लांब बांधलंय. बाळ आणि करडू, दोघं रडतात. करडाचा आवाज अजून तरी मोठा आहे.

अक्कल संपलेली तुझी आगाऊ बहीण,
अतिपोका