पुढच्या खोलीतून बाहेर गेलेली गोष्ट

प्रिय आई,

मंगळवारी सकाळी देवपूजा आटोपली आणि आपल्या प्रताप नगरच्या घरातल्या पुढच्या खोलीतलं टेबल, दोन खुर्च्या आणि कुलपाचं कपाट मी टेम्पोत चढवलं. माझं समुपदेशनाचं काम आता धरमपेठेत, भाड्याच्या खोलीत चालेल. तू असतीस तर फाटकापर्यंत मागे आली असतीस, "घर असून बाहेर काहून जातं गा?" म्हणत. उत्तर तुझ्या हयातीतच द्यायला हवं होतं. आज देतो.

माझ्याकडे येणाऱ्याला तू आधी गाठायचीस, आठवतं? हातात चहा, आणि लगेच, "कोण्या गावची वं तू? कोणाच्या घरची?" कप रिकामा होईपर्यंत नातं निघालेलं असायचं. खाप्याला, आपल्या गावच्या घरी हे शोभायचं. मला इथेही कौतुकच वाटायचं!

माझ्याकडे येणारी ती मुलगी आठवते, जिचं सासर तू असंच चहा देता देता शोधून काढलंस? नाव इथेही लिहीत नाही. पुढे एका लग्नाच्या पंगतीत तू तिच्या सासूशेजारी बसलीस आणि सांगून टाकलंस, तुमची सून आमच्या बापूकडे येते, मोठी गुणाची पोरगी आहे. घरी येऊन मलाही तितक्याच आनंदानं सांगितलंस.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "सर, घरी कसं माहीत झालं? तुम्ही सांगितलं का कोणाले?" सासरी तिला रोज ऐकावं लागत होतं की ती घरच्यांच्या चुगल्या करायला जाते. मी म्हणालो, मी कोणालाच सांगितलं नाही. शब्द खरे होते, उत्तर खोटं होतं. त्यानंतर ती आली नाही.

का गं बोललीस? असं मनात कितीदा आलं. पण बोलायचं नसतं हे तुला सांगितलं कोणी होतं? माणसाचं बोलणंच नव्हे, त्याचं येणंसुद्धा गुप्त ठेवायचं, हे शिकलो होतो मी. तुझ्या मनाला लागेल म्हणून चार शब्द बोललो नाही, आणि मग तुझ्या चांगुलपणाआड लपलो.

हे कबूल करायला तिच्या घरी जाणं म्हणजे पुन्हा तोच बोभाटा. म्हणून काल तिनेच दिलेल्या नंबरवर फोन केला. एकटी आहे ना, हे आधी विचारलं. मग सांगितलं की गोष्ट माझ्याच घरातून गेली, जबाबदारी माझी होती आणि तिने विचारलं तेव्हा मी खरं लपवलं. माफी मागितली. तक्रार कुठे करता येते तेही सांगितलं.

ती म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतं सर, तर मी येणं नसतं सोडलं."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी सुचवलेल्या दुसऱ्या एका समुपदेशक बाईंचा नंबर मात्र लिहून घेतला.

आई, तुझ्यावर राग नाही. खोली बाहेर घेतली ती एवढ्यासाठी, की कोण माझ्याकडे येतं हे घरात आणि शेजारीपाजारी कळू नये. यापुढे माझ्याकडून चूक झाली तर ज्याचं नुकसान झालं त्याला ती त्याच दिवशी, माझ्याच तोंडून कळेल. तिला कळायला तीन वर्षं लागली. पण काल सांगितलं.

तुझा,
बापू