एकशे वीस ग्रॅम लाकूड

सोमवार, ९ जून

शनिवारच्या सामन्याची यादी क्लबच्या दारावर लागली. माझं नाव आहे — खाली, वेगळ्या चौकटीत: चहा व सँडविच. सलग चौथ्यांदा. कर्णधार गार्थ म्हणतो, "पोरी, भावाची ती बॅट तुला उचलत तरी नाही. फटका उशिरा येतो."

राग याचा, की फटका खरंच उशिरा येतो.

मंगळवार, १० जून

बॅटचं वजन केलं. १३४० ग्रॅम. मला १२२० हवं. एडमंड तीन वर्षांपूर्वी न्यूझीलंडला गेला, बॅट टाकून. त्याला विचारणार नाही.

शेडमध्ये शिकंज्यात आवळली. चेंडू लागतो त्या तोंडाला हात लावायचा नाही, लाकूड पाठीचं काढायचं. कण्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने रेघा, दर पाच सेंटिमीटरला माप. मग छोटा रंधा. ४१ ग्रॅम निघालं.

बाबा दारात आले. "चांगली बॅट कापतेस होय गं?"

"चांगली असती तर तो घेऊन गेला असता."

गेले.

बुधवार, ११ जून

गार्थचा निरोप: काकडीची सँडविचं नकोत, मागच्या वेळी ओली होती.

रागात रंधा धरू नये. धरला. डावीकडे दोन मिलिमीटर खोल गेला. उजवीकडेही तेवढंच काढावं लागलं. १२१२. आठ ग्रॅम गार्थने खाल्ले.

गुरुवार, १२ जून

कानस, सँडपेपर, जवसाचं तेल.

शुक्रवार, १३ जून

सराव. फटका वेळेवर येतो. गार्थने पाहिलं. "बरी झालीय. पण यादी मी एकटा करत नाही. तुझा बापही निवडीला बसतो. त्याला विचार, तोच अडवतो."

घरी विचारलं. बाबा चहा ओतत होते.

"हो. मीच नाही म्हणालो. ती एडमंडची जागा आहे."

त्या जागेवर दर शनिवारी कुणीतरी वेगळा खेळतो. फक्त मी चालत नाही.

शनिवार, १४ जून

पलीकडच्या स्टॅनर गावाचे दहाच आले, एकाची गाडी बंद पडली. पाहुण्यांना माणूस कमी पडला तर यजमानांनी द्यायचा, ही रीत. गार्थ इकडेतिकडे बघत राहिला. मी एप्रन काढला आणि त्यांच्या कर्णधाराला म्हटलं, "मी येते."

आमच्याच गावाविरुद्ध ६३, नाबाद. आम्ही जिंकलो, म्हणजे स्टॅनर. पंच बाबा होते. गार्थने पायचीतचं अपील केलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. चेंडू दोन इंच बाहेर होता. उपकार नव्हे.

रविवार, १५ जून

स्टॅनरचा फोन. मोसमभर त्यांच्याकडून खेळायला हो म्हटलं.

बाबा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे तूही चाललीस."

स्टॅनर चार मैलांवर आहे. ते मी बोलले नाही. हो म्हटलं.